औषधाचे नाव आणि व्यापारचिन्ह : निवड, नोंदणी व रक्षण

चरकसंहितेच्या सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात औषधींची ओळख नाम, रूप आणि योजना या तिन्ही अंगांनी असावी, असे प्रतिपादन आहे. रानात वावरणाऱ्या गुराख्यांना वनस्पतींची नावे व रूपे ठाऊक असतात. त्यांची योजना जाणतो तो वैद्य, हा त्या विवेचनाचा आशय. आज आपले बहुतेक व्यवसायबंधू योजना उत्तम जाणतात. परंतु स्वतः सिद्ध केलेल्या कल्पाला किंवा नव्या औषधालयाला नाव देताना मात्र निर्णय घाईत होतो. घरातील एखाद्याने सुचविलेले नाव पसंत पडते, लेबले छापून येतात, रुग्णांच्या तोंडी ते नाव रुळते, आणि चार-पाच वर्षांनी दुसऱ्या गावच्या एखाद्या उत्पादकाच्या वकिलाची नोटीस हाती पडते. त्या वेळी केवळ लेबले बदलून भागत नाही. रुग्णाच्या मनात त्या नावाशी जोडला गेलेला विश्वासच नव्याने उभा करावा लागतो.

प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. कोणते नाव कायद्याने आपले होऊ शकते? ते तपासावे व नोंदवावे कसे? आणि नोंदणीनंतर ते जपावे कसे?

१. शास्त्रोक्त नावे कोणाची?

आपल्या ग्रंथकारांनी कल्पांना नावे देताना काही ठरावीक पद्धती वापरल्या आहेत. प्रमुख द्रव्यावरून कुटजारिष्ट, पाठातील पहिल्या द्रव्यावरून सितोपलादि चूर्ण, द्रव्यसंख्येवरून हिंग्वाष्टक चूर्ण व दशमूलारिष्ट, कर्मावरून आरोग्यवर्धिनी व श्वासकुठार, ऋषींच्या नावावरून च्यवनप्राश व अगस्त्यहरीतकी, उपमेवरून चंद्रप्रभा. नाव ऐकताच कल्पाविषयी काही बोध व्हावा, हा यामागचा हेतू होता.

व्यापारचिन्हाचा कायदा नेमका याच्या उलट बाजूने विचार करतो. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ (अंमल १५ सप्टेंबर २००३ पासून) याच्या कलम ९ प्रमाणे जे नाव मालाचा प्रकार, गुण, उपयोग किंवा उगमस्थान सांगते, अथवा जे त्या व्यापारात सर्रास रूढ झालेले आहे, ते सामान्यतः एकाच्या मालकीचे होत नाही. ते सर्वांना लागते, म्हणून ते सर्वांचे राहते. नाव जितके अधिक सांगते, तितके ते कमी आपले असते. या लेखाचा गाभा एवढाच आहे.

त्यामुळे च्यवनप्राश, चंद्रप्रभा वटी, महानारायण तेल ही नावे कोणीही आपल्या एकट्याची म्हणून मागू शकत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० याच्या पहिल्या अनुसूचीत दिलेल्या ग्रंथांतील पाठाप्रमाणे केलेली औषधे कलम ३(अ) मध्ये येतात आणि पाठातील नावासह विकली जातात. तेथे आपली ओळख पाठाच्या नावात नसून त्याच्या आधी येणाऱ्या आपल्या संस्थेच्या नावात असते. जपायचे ते हे संस्थेचे नाव.

कलम ३(ह) मधील स्वामित्व औषधांची, म्हणजे ज्यांना आपण पेटंट वा प्रोप्रायटरी औषधे म्हणतो त्यांची, गोष्ट वेगळी. घटक ग्रंथोक्त असले तरी योग आपला असतो. म्हणून नावही आपले घडविता येते. मात्र ते शास्त्रोक्त नावाच्या फार जवळ नेऊ नये. सुवर्णमालिनी वसंत व लघुमालिनी वसंत या दोन कल्पांत एका शब्दाचा फरक आहे, पण एकात सुवर्ण आहे आणि दुसऱ्यात नाही. अशा नावांच्या मधोमध बसेल असे नवे नाव तयार करणे रुग्णाच्या दृष्टीने घातक आहे. शिवाय १९४० च्या अधिनियमाच्या कलम ३३-ईईए नुसार दुसऱ्या औषधाच्या नावाने विकलेले, किंवा दुसऱ्या औषधाशी फसवे साम्य असलेले औषध बनावट ठरू शकते.

२. नावांची प्रतवारी

कायद्याच्या दृष्टीने नावांचे बळ सारखे नसते. सर्वांत दुर्बळ ते वर्णनात्मक नाव. 'संधिशूलहर तेल' किंवा 'केशवर्धक तेल' हे विक्रीला सोपे, पण रक्षणाला अवघड. शेजारचा उत्पादक उद्या हेच शब्द वापरील आणि त्याला अडविणे कठीण जाईल. त्याहून बरे ते सूचक नाव, ज्यातून गुण थेट न कळता विचाराअंती जाणवतो. सर्वांत सबळ ते घडविलेले नाव, ज्याला त्या मालाच्या संदर्भात पूर्वी काही अर्थच नव्हता.

आपल्याच क्षेत्रातील जुनी नावे पाहिली तर हा विचार स्पष्ट होतो. १८७२ साली पनवेल येथे वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी स्थापन केलेल्या श्री धूतपापेश्वर या संस्थेने कोकणातील देवस्थानाचे नाव घेतले. सांडू यांनी आडनाव घेतले. 'डाबर' हे नाव डॉक्टर बर्मन या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून बनले, तर 'विको' हे विष्णु इंडस्ट्रियल केमिकल कंपनी या नावाचे संक्षिप्त रूप. शेवटच्या दोन नावांत औषधाचा गुण सांगणारे एक अक्षरही नाही आणि तरी ती घरोघरी पोहोचली. अर्थ नावातून येत नाही; मालाच्या गुणवत्तेतून तो नावात भरला जातो.

देवदेवता, ऋषी व धर्मग्रंथ यांची नावे घेण्याचा मोह आपल्या व्यवसायात मोठा आहे. धन्वंतरी, चरक, सुश्रुत या नावांची औषधालये जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात सापडतील. अशा नावावर एकट्याचा हक्क सिद्ध करणे अवघड असते. 'रामायण' हे नाव उदबत्ती व सुगंधी द्रव्यांसाठी नोंदविण्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली पवित्र ग्रंथाचे नाव एकाची मक्तेदारी होऊ शकत नाही, असे स्पष्ट केले. श्रद्धेपोटी असे नाव घ्यावयाचेच असेल, तर त्याला आपले गाव, घराणे किंवा स्वतंत्र शब्द जोडून ते वेगळे करावे.

रोगाचे नाव औषधाच्या नावात घालणे तर सर्वथा टाळावे. औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या व्याख्येत लेबल व वेष्टनही 'जाहिरात' या सदरात मोडते. मधुमेहासारख्या अनुसूचित रोगाचा नाश करण्याचे आश्वासन नावातच असेल, तर ते नाव व्यापारचिन्ह होण्याआधीच कारवाईचे कारण होऊ शकते.

३. 'अमृतधारा'चा धडा

नावांतील साम्य कसे मोजतात, हे शिकविणारा सर्वोच्च न्यायालयाचा एक पायाभूत निकाल आपल्याच क्षेत्रातील आहे. डोकेदुखी, अतिसार इत्यादी तक्रारींवरील 'अमृतधारा' हे औषध १९०३ पासून विकले जात होते. उत्तर प्रदेशातील एका उत्पादकाने तशाच उपयोगाच्या आपल्या 'लक्ष्मणधारा' या औषधाचे नाव नोंदविण्यासाठी १९५० साली अर्ज केला. ते नाव तो १९२३ पासून वापरीत असल्याचे त्याचे म्हणणे होते. अमृतधारेच्या मालकांनी हरकत घेतली.

उच्च न्यायालयाला दोन्ही नावे वेगळी वाटली. अमृताची धारा निराळी व लक्ष्मणाची धारा निराळी, असा शब्दार्थाचा युक्तिवाद तेथे मान्य झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो नाकारला. खेड्यातील वा शहरातील सामान्य ग्राहक नावाचा समास सोडवीत बसत नाही. त्याच्या मनात पूर्वी ऐकलेल्या नावाची एक धूसर आठवण असते आणि संपूर्ण नावाच्या एकत्रित ठशावरून तो खरेदी करतो. या कसोटीवर दोन्ही नावे फसगत होण्याइतकी जवळची ठरली.

पण निकालाचा दुसरा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. 'लक्ष्मणधारा' अनेक वर्षे उघडपणे विकली जात असताना अमृतधारेच्या मालकांनी हालचाल केली नव्हती. ही मूक संमती ध्यानी घेऊन 'लक्ष्मणधारे'ला उत्तर प्रदेशापुरती मर्यादित नोंदणी मिळाली. संस्कृत व्युत्पत्तीवर विसंबून नाव वेगळे समजू नये, आणि नक्कल दिसताच स्वस्थ बसू नये, असे दोन धडे यातून मिळतात.

४. औषधाला कसोटी अधिक कडक

२००१ साली सर्वोच्च न्यायालयाने कॅडिला हेल्थ केअर विरुद्ध कॅडिला फार्मास्युटिकल्स या खटल्यात औषधी नावांसाठी आणखी कठोर दृष्टी सांगितली. 'फॅल्सिगो' व 'फॅल्सिटॅब' ही दोन्ही नावे मेंदूच्या मलेरियावरील औषधांची होती. औषधात गोंधळ झाल्यास रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. आपल्या देशात भाषा अनेक, साक्षरता असमान आणि दुकानातील गर्दी मोठी. म्हणून औषधांच्या बाबतीत साम्याची शंकाही गांभीर्याने घ्यावी, असा त्या निकालाचा रोख आहे.

आयुर्वेदीय औषधे सौम्य असतात, त्यामुळे नावाचा गोंधळ झाला तरी बिघडत नाही, असे म्हणणारे व्यवसायबंधू भेटतात. रसकल्प हाताळणाऱ्या वैद्याला हे म्हणणे पटणार नाही. नवे नाव निश्चित करण्यापूर्वी पुढील साधी परीक्षा घरीच करून पाहावी. ते नाव घाईच्या हस्ताक्षरात चिठ्ठीवर लिहून दुकानातील नोकराला वाचायला द्यावे. दूरध्वनीवरून ते सांगून पलीकडच्याने काय ऐकले ते विचारावे. मराठी, हिंदी व गुजराती बोलणाऱ्या तिघांकडून ते उच्चारून घ्यावे. यांपैकी कोठेही दुसऱ्या औषधाचे नाव पुढे आले, तर ते नाव सोडून द्यावे.

अवयवाच्या किंवा द्रव्याच्या नावाचा तुकडा घेऊन नाव बनविण्याची प्रथाही जपून पाळावी. १९५५ पासून बाजारात असलेल्या 'लिव्ह.५२' च्या मालकांनी 'लिव्ह-टी' या नावाविरुद्ध दिल्लीत दावा केला. १९९७ मध्ये अंतरिम टप्प्यावर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 'लिव्ह' हा यकृतवाचक इंग्रजी शब्दाचा तुकडा सर्वांना खुला मानला. २०१२ मध्ये अंतिम अपिलात त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो नोंदणीकृत चिन्हाचा मुख्य भाग मानून मालकांच्या बाजूने निकाल दिला. मोठ्या कंपनीला पंधरा वर्षांची कोर्टकचेरी पेलली. तालुक्याच्या गावच्या फार्मसीला ती पेलणार नाही.

५. परवाना म्हणजे नावाची मालकी नव्हे

आपल्या मंडळींत एक गैरसमज खोलवर रुजलेला आहे. अन्न व औषध प्रशासनाने उत्पादन परवान्यावर औषधाचे नाव मंजूर केले, दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंद झाली, वस्तू व सेवा कर क्रमांक मिळाला किंवा कंपनी निबंधकाने कंपनीचे नाव स्वीकारले, की नाव आपले झाले असे समजले जाते. यांपैकी प्रत्येक नोंदीचा उद्देश निराळा आहे. औषधाचा परवाना उत्पादनाची अनुज्ञा देतो. कंपनीची नोंदणी संस्थेला कायदेशीर अस्तित्व देते. बाजारात त्या नावाने माल विकण्याचा अनन्य हक्क व्यापारचिन्ह नोंदणीतून, किंवा प्रदीर्घ वापरातून सिद्ध झालेल्या लौकिकातून मिळतो. हे कागद वापराचा पुरावा म्हणून उपयोगी पडतात; मालकीचा दाखला म्हणून नव्हे.

६. तपासणी व नोंदणीची रीत

व्यापारचिन्ह कार्यालयाच्या संकेतस्थळावर नावांचा शोध विनामूल्य घेता येतो. नेमक्या शब्दाबरोबरच उच्चारसाम्याचाही शोध घ्यावा. औषधे वर्ग ५ मध्ये येतात. केशतेल, साबण, उटणे अशी प्रसाधने वर्ग ३ मध्ये. चहा, मध यांसारखे पदार्थ वर्ग ३० मध्ये. दुकानातील विक्रीसेवा वर्ग ३५ मध्ये आणि चिकित्सालय व पंचकर्म केंद्राची सेवा वर्ग ४४ मध्ये. ज्या वैद्यांचे चिकित्सालय व औषधनिर्मिती एकाच नावाने चालते, त्यांनी किमान वर्ग ५ व ४४ या दोन्हींचा विचार करावा. शासकीय नोंदवहीबरोबरच घाऊक विक्रेत्यांच्या याद्या व बाजारही पाहावा, कारण न नोंदविलेल्या नावालाही हक्क असू शकतो.

अर्ज टीएम-ए या नमुन्यात करावयाचा असतो. महाराष्ट्र व गोवा मुंबई कार्यालयाच्या कक्षेत येतात. २०१७ च्या नियमांनुसार व्यक्ती, स्टार्टअप व लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गास ४,५०० रुपये, तर इतरांना ९,००० रुपये शुल्क आहे. मराठी नावाचा अर्थ अर्जात नीट लिहावा. नाव केवळ शब्दरूपात स्वतंत्रपणे नोंदवावे आणि शक्य असल्यास लेबलाचे चित्र वेगळ्या अर्जाने. फक्त रंगीत लेबल नोंदविल्यास हक्क त्या संपूर्ण चित्रावर मिळतो; त्यातील प्रत्येक शब्दावर तो आपोआप मिळत नाही.

अर्जानंतर परीक्षण अहवाल येतो. त्यातील हरकतींना ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. अनेक अर्ज केवळ या मुदतीकडे दुर्लक्ष झाल्याने सोडून दिलेले मानले जातात. अर्ज स्वीकारला गेल्यास तो शासकीय व्यापारचिन्ह पत्रिकेत प्रसिद्ध होतो आणि चार महिन्यांपर्यंत कोणीही विरोध नोंदवू शकतो. विरोध न आल्यास नोंदणी होते व ती अर्जाच्या दिनांकापासून दहा वर्षे चालते. पुढे दर दहा वर्षांनी नूतनीकरण करता येते. नोंदणीपूर्वी नावापुढे 'टीएम' लिहिता येते. वर्तुळातील 'आर' हे चिन्ह मात्र नोंदणी झाल्यावरच वापरावे. नोंदणी नसताना ते वापरणे कायद्याविरुद्ध आहे.

७. आधीचा वापर आणि पडून असलेली नोंदणी

आपल्या कायद्यात नोंदणीपेक्षा आधीचा प्रामाणिक वापर श्रेष्ठ ठरू शकतो. कलम ३४ ते संरक्षण देते आणि कलम २७ नोंदणी नसतानाही 'पासिंग ऑफ'चा, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपविल्याबद्दलचा, दावा खुला ठेवते. तिरुनेलवेलीच्या 'इरुट्टुकडै हलवा' या प्रसिद्ध मिठाईच्या वादात दुसऱ्याने मिळविलेली नोंदणी जुन्या वापरकर्त्यापुढे टिकली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये आधीच्या वापराला प्राधान्य दिले.

त्याच वर्षी 'रोफॉल' व 'प्रोफॉल' या भुलीच्या औषधांच्या नावांचा वादही निकाली निघाला. 'रोफॉल'च्या मालकांनी १९९२ मध्ये अर्ज केला होता, पण वापर २००४ मध्ये सुरू केला. मधल्या काळात, १९९८ पासून, 'प्रोफॉल' बाजारात रुळले होते. सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी घेऊन स्वस्थ बसलेल्यास साथ दिली नाही. कलम ४७ प्रमाणे पाच वर्षे व तीन महिने न वापरलेले चिन्ह नोंदवहीतून काढूनही टाकता येते.

यावरून जुन्या वैद्यांनी धडा घ्यावा तो कागदपत्रांचा. पहिले विक्री-बिल, पहिल्या लेबलाची प्रत, छापखान्याची पावती, परवान्यावरील नोंद, जाहिरातीचे कात्रण, वर्षवार विक्रीचा लेखापालाचा दाखला, हे सर्व एका फाइलीत जपावे. अर्जात आधीचा वापर सांगितला, तर त्याच्या पुष्टीसाठी प्रतिज्ञापत्र व असेच पुरावे द्यावे लागतात. चाळीस वर्षे चाललेले तेल आपलेच होते, हे गावाला ठाऊक असते. न्यायालयाला ते कागदावरून कळते. तरीही नोंदणीचा लाभ मोठा आहे. नोंदणीकृत मालकाला लौकिक नव्याने सिद्ध करावा लागत नाही आणि भंगाचा दावा तो आपल्या व्यवसायाच्या जिल्ह्यात लावू शकतो.

८. घर, भागीदारी आणि बाहेरून करून घेतलेली औषधे

नावाचे सर्वांत कटू तंटे परक्यांशी होत नाहीत. समजा, आजोबांनी आडनावाने फार्मसी काढली. दोन नातू पुढे वेगळे झाले, जागा व यंत्रे वाटली गेली, पण वाटणीपत्रात नावाचा उल्लेख राहिला. कलम ३५ प्रत्येकाला आपले नाव प्रामाणिकपणे वापरू देते. परिणामी एकाच पेठेत एकाच आडनावाची दोन औषधालये उभी राहतात, आणि रुग्ण जुने औषध मागतो तेव्हा त्याला कोणते मिळेल याचा भरवसा नसतो. वर उल्लेखिलेल्या दोन्ही कॅडिला कंपन्या एकाच जुन्या उद्योगसमूहाच्या पुनर्रचनेतून आल्या होत्या आणि 'कॅडिला' हे नाव वापरण्याची मुभा दोघींनाही मिळाली होती. मूळ नाव असे वाटले गेल्यावर प्रत्येक औषधाचे स्वतंत्र नाव किती महत्त्वाचे होते, हे त्यांच्या वादाने दाखविले.

म्हणून भागीदारीपत्रात, मृत्युपत्रात व वाटणीपत्रात नाव कोणाचे, ते कोणत्या मालासाठी आणि भागीदार निघून गेल्यास त्याचे काय, हे स्पष्ट लिहावे. नोंदणी व्यक्तीच्या नावे आहे की संस्थेच्या, हेही आधीच ठरवावे.

अनेक वैद्य आपला योग दुसऱ्याच्या कारखान्यात तयार करून घेतात. अशा वेळी परवान्यावर, लेबलवर व कारखान्याच्या वहीत त्या उत्पादकाचे नाव असते, आणि वैद्याकडे पुरावा म्हणून फक्त जुनी ओळख उरते. नाव व योग वैद्याचे आहेत, करार संपल्यावर उत्पादक ते नाव वापरणार नाही व उरलेली लेबले परत करील, असा लेखी करार उत्पादनाच्या पहिल्या खेपेपूर्वीच करावा. व्यापारचिन्हाचा अर्जही वैद्याने स्वतःच्या नावे त्याआधी दाखल करावा.

९. सारांश

१. शास्त्रोक्त नाव सर्वांचे. आपले संस्थानाम व स्वामित्व औषधाचे नाव मात्र आपण घडवावे.
२. गुण, रोग वा अवयव सांगणारे नाव टाळावे. अर्थ मालाच्या गुणवत्तेने भरू द्यावा.
३. चिठ्ठी, दूरध्वनी व उच्चार यांची परीक्षा आणि नोंदवहीतील शोध झाल्याशिवाय लेबल छापू नये.
४. शब्दाचा अर्ज योग्य वर्गांत करावा. ३० दिवसांची मुदत व दहा वर्षांचे नूतनीकरण वहीत लिहून ठेवावे.
५. पहिल्या दिवसापासूनचे कागद जपावेत आणि नक्कल दिसताच लेखी हरकत घ्यावी.
६. घरात, भागीदारीत व उत्पादकाशी नावाविषयी लेखी ठराव करावा.

प्रत्यक्ष अर्ज व वाद यांसाठी नोंदणीकृत व्यापारचिन्ह अभिकर्ता किंवा वकील यांचा सल्ला अवश्य घ्यावा. मात्र वरील गृहपाठ करूनच त्यांच्याकडे जावे. रुग्ण दुकानात येऊन जेव्हा विशिष्ट नावानेच औषध मागतो, तेव्हा तो त्या नावामागच्या वैद्याच्या हाताची खात्री मागत असतो. ती खात्री दुसऱ्याच्या बाटलीतून दिली जाऊ नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप आहे.